'मशीन गर्ल' की 'टोकियो गोर पोलीस'? जपानी रक्तपाती कॉमेडीत आधी काय बघायचं

जपानी स्प्लॅटर कॉमेडी, म्हणजे रक्ताचे फवारे उडवत हसवणारे सिनेमे, बघायचीये पण सुरुवात कुठून करायची कळत नसेल, तर निवड खरं तर दोन सिनेमांतच आहे. एक नोबोरू इगुचीचा 'द मशीन गर्ल' आणि दुसरा योशिहिरो निशिमुराचा 'टोकियो गोर पोलीस', दोन्ही २००८चे. बाकीचेही आहेत, त्यांच्याकडे येतोच, पण या दोघांतला एकही आवडला नाही तर पुढचे कितीही बघा, हा प्रकार तुमचा नाही.

आधी रक्ताचं बोलू, कारण लोक तिथेच बिचकतात. या सिनेमांत हात तुटला की रक्त वाहत नाही, उडतं, पाण्याची पाइप फुटल्यासारखं, आणि थांबायचं नावच घेत नाही, समोरच्याचं तोंड, भिंत, कॅमेऱ्याची काच सगळं लाल. हे काही या मंडळींनी पहिल्यांदा केलेलं नाही. दिग्दर्शक अकिरा कुरोसावाच्या १९६२च्या 'सान्जुरो' या सामुराईपटातलं शेवटचं द्वंद्व बघा, एका वारात छातीतून रक्ताचा असा फवारा उडतो की आजही दचकायला होतं, आणि पुढे सत्तरच्या दशकात तलवारबाजीच्या सिनेमांनी तो फवारा पार नेहमीचा करून टाकला. इगुची आणि निशिमुरा तेच आणखी ताणतात, इतकं की भीती संपते आणि हसू सुरू होतं. त्याच काळात अमेरिकेत जे टॉर्चरवाले भयपट निघत होते त्यात कॅमेरा माणसाच्या यातनेवर रेंगाळायचा. इथे जखम दिसते, यातना फारशी दिसत नाही, आणि माझ्या मते सगळा फरक त्यातच आहे.

आता 'मशीन गर्ल'. गोष्ट चार ओळींची. अमी नावाची शाळकरी मुलगी, तिच्या धाकट्या भावाला गुंड पोरं मारून टाकतात, त्यांचा म्होरक्या निन्जा घराण्यातल्या याकुझाचा, म्हणजे जपानी माफियाचा, मुलगा, अमी सूड घ्यायला निघते, तिचा डावा हात जातो, आणि एक मेकॅनिक जोडपं तिथे मशीनगन बसवून देतं. बास. पण हात जायच्या आधीचा सीन बघाच. ती एका पोराच्या घरी जाब विचारायला जाते, साधं मध्यमवर्गीय घर, आणि तिथे आईबापच तिच्यावर तुटून पडतात, तिचा हात पिठात बुडवून उकळत्या तेलात घालतात, आणि बाहेर येतो तो अख्खा तेम्पुरा, म्हणजे जपानी भजी, वर कुरकुरीत कवच वगैरे. भयानक आहे, आणि त्याच वेळी इतकं बालिश आहे की तुम्ही ओरडताय का हसताय हे तुमचं तुम्हालाच कळत नाही. सिनेमाभर हाच सूर आहे. अमी झालेली मिनासे याशिरो मात्र पूर्ण सिनेमा जीव तोडून, गंभीरपणे करते, एकदाही प्रेक्षकाकडे बघून डोळा मारत नाही, आणि म्हणूनच हे सगळं उभं राहतं.

'टोकियो गोर पोलीस' वेगळ्याच जातीचा. गंमत म्हणजे 'मशीन गर्ल'चे इफेक्ट्सही निशिमुराचेच, पण इथे तो स्वतः दिग्दर्शक आहे, त्यामुळे हात मोकळे. भविष्यातलं टोकियो, पोलीस खात्याचं खासगीकरण झालेलं, आणि 'इंजिनियर' नावाचे म्युटंट मोकाट सुटलेत, ज्यांना जखम झाली की त्या जखमेतूनच शस्त्र उगवतं. हात कापलात तर चेनसॉ. म्हणजे नायिका जितकी लढेल तितका शत्रू भयंकर होणार, केवढी सुपीक कल्पना आहे ही! या नायिकेचं, रुका नावाच्या पोलिसाचं, काम करणारी एइही शीना जवळजवळ बोलतच नाही, नुसती थंड नजर. आणि मधेमधे खोट्या टीव्ही जाहिराती येतात, त्यातली एक तर शाळकरी मुलींसाठी गोंडस रंगातल्या, मनगट कापायच्या चाकूची. ती बघताना हसू अर्ध्यावर अडकतं, कारण रोख त्या मुलींवर नाही, विकणाऱ्यांवर आहे. 'मशीन गर्ल'मध्ये असलं काही सापडणार नाही.

पैसा दोघांकडेही नव्हता, तो अमेरिकेतल्या एका व्हिडिओ कंपनीकडून आला होता, म्हणून तर निन्जा, सुशी, याकुझा, शाळेचा युनिफॉर्म असं परदेशी माणसाला जपान म्हटलं की जे जे आठवतं ते 'मशीन गर्ल'मध्ये ठासून भरलंय. काहींना ते खटकतं. मला नाही खटकत, कारण कमी पैशाचं इगुची काय करतो तर वेग वाढवतो, एक नकली वाटणारा सीन पचायच्या आत दुसरा अंगावर. निशिमुरा उलटा, तो थांबतो आणि रबराचं, लॅटेक्सचं एकेक शरीर नीट दाखवतो, माणसाने हाताने बनवलेलं कळतं, आणि मला या सगळ्या प्रकाराचं वेड लागलं ते त्या हाताच्या कामामुळेच. जिथे कॉम्प्युटर वापरलाय तिथे दोन्ही सिनेमे फिके पडतात, हे मान्य.

तर आधी 'मशीन गर्ल' बघा, शक्यतो चार जण मिळून, साधारण दीड तासात संपतो आणि कुठे जड होत नाही. सिनेमा म्हणून 'टोकियो गोर पोलीस' सरस आहे, माझ्या मनात याबद्दल शंकाच नाही, पण तो लांब आहे, मधे रेंगाळतो, आणि त्यात शरीराची जी विटंबना आहे, विशेषतः बायकांच्या शरीराची, ती पहिल्याच फटक्यात नको होते. ज्यांना लैंगिक हिंसा आणि आत्महत्येचे संदर्भ त्रास देतात त्यांनी तो सरळ सोडावा, काही अडत नाही.

इतकं रक्त नको पण वेडेपणा हवा असं असेल तर २०१७चा 'वन कट ऑफ द डेड' घ्या. ३० लाख येनमध्ये केलेला झोम्बी सिनेमा, ज्याने पुढे ३ अब्ज येनच्या वर कमाई केली. पहिली ३७ मिनिटं सलग एकच शॉट, आणि तो मुद्दाम भिकार वाटतो. कंटाळलात तरी बंद करू नका, पुढचं मी सांगणार नाही. आणि मधला मार्ग हवा असेल तर इगुचीचाच 'डेड सुशी', २०१२चा. जिवंत झालेली सुशी माणसांवर हल्ला करते आणि कराटेवाली रीना ताकेदा खरोखरच्या लाथा मारते. विनोद पोरकट आहे, पण तिची मारामारी अस्सल आहे, आणि त्यातली अंड्याची सुशी चांगल्या लोकांच्या बाजूने लढते. कोणताही घ्या, इंग्रजी डब मिळाला तरी नको, जपानीच ठेवा आणि सबटायटल्स लावा, डबमध्ये सगळे विनोदी आवाज काढून बोलतात आणि त्या नटनट्यांनी जीव ओतून धरलेला गंभीरपणा पार वाया जातो.