जुनी जग्वार की माझदा?

इंग्लंडात नोकरीला असलेल्या भाच्याचा भुसावळला फोन: "मामा, कोनती लेऊ?" दोन्ही जुन्या स्पोर्ट्स गाड्या: एक १९६१ साली आलेली जग्वार ई-टाइप, दुसरी १९८९ची माझदा एमएक्स-५.

जग्वार ताशी १५० मैल पळते, ही जाहिरात सोडा. जग्वारचं सुरुवातीचं इंजिन ३.८ लिटरचं, सहा सिलिंडर, तीन कार्बोरेटर. तिन्ही एका सुरात ठेवायचे म्हणजे हात सतत काळे. पहिल्या गिअरला सिंक्रोमेशही (गिअर खरखर न होता बसवणारी सोय) नाही. माझदा १.६ लिटरची, फ्युएल इंजेक्शनवाली. चावी फिरवा, निघा. टप बसल्या जागेवरून मागे टाकता येतो. गंज दोघींनाही खातो, त्यात तिथला पाऊस. किंमत? एका जग्वारच्या पैशात माझदा कितीतरी येतील.

बॉनेट उघडून रविवार घालवायचा असेल तर जग्वार घे. रोज वळणांची मजा हवी तर माझदा. आणि मे महिन्यात भुसावळला यायचं तर रेल्वेनेच ये!