थायरॉइड-बाधक रसायनांची पेशी-चाचणी: एका सेवेचा अनुभव
प्लास्टिक-मिश्रकांचे नमुने आम्ही एका खासगी प्रयोगशाळेकडे जीएच३ पेशींच्या चाचणीसाठी पाठवले होते. उंदराच्या पिट्यूटरी ग्रंथीतील गाठीपासून मिळवलेल्या या पेशींत ल्युसिफरेज हे प्रकाश निर्माण करणाऱ्या विकराचे जनुक बसवलेले असते. त्यामुळे टी३ हे थायरॉइड संप्रेरक पेशीतील आपल्या ग्राहक-प्रथिनाला (रिसेप्टरला) जुळले की प्रकाश वाढतो आणि रसायनाने त्याला अडवले की मंदावतो. दर अंमळ चढाच आहे. तथापि प्रकाश घटला तो पेशी मेल्यामुळे तर नव्हे, याची स्वतंत्र तपासणी अहवालास जोडलेली होती आणि माझ्या मते सेवेचे खरे मोल त्यातच आहे. ‘थायरॉइडला निर्धोक’ हा शेरा मात्र खटकला. कारण आयोडाइडचे शोषण रोखणारे पर्क्लोरेट किंवा थायरॉइड पेरॉक्सिडेज हे संप्रेरक बनवणारे विकर बंद पाडणारे प्रोपिलथायोयुरासिल या ग्राहक-प्रथिनाच्या वाटेला जात नसल्याने या चाचणीतून सहीसलामत सुटू शकते.