साधी स्पायरोमेट्री, पूर्ण पीएफटी की घरचा पीक फ्लो मीटर?

डॉक्टर चिठ्ठीवर नुसतं 'पीएफटी' (पल्मनरी फंक्शन टेस्ट, म्हणजे फुप्फुसं कशी चालतात याची तपासणी) लिहून देतात आणि खरा प्रश्न लॅबच्या काउंटरवर येतो: "साधी करायची की कम्प्लीट?" दोन्हींच्या दरात बराच फरक असतो, काउंटरवरच्या माणसाला समजावून सांगायला वेळ नसतो आणि मागे रांग असते. मग कुणी 'महाग तीच चांगली' म्हणून पूर्ण तपासणी करून मोकळं होतं, तर कुणी 'आधी साधी बघू' म्हणून पैसे वाचवतं. दोन्ही निर्णय फसू शकतात, कारण या तपासण्यांची कामं वेगळी आहेत. त्यात घरच्या पीक फ्लो मीटरची, लहान मुलांसाठी सुचवल्या जाणाऱ्या ऑसिलोमेट्रीची आणि कोविडपासून घराघरात पडून असलेल्या तीन चेंडूंच्या डब्याची भर पडते.

साधी स्पायरोमेट्री

हीच फुंकायची टेस्ट. नाकाला चिमटा, तोंडात माउथपीस, छाती भरून श्वास घ्यायचा आणि मग एका दमात, सगळा जोर लावून, आत काही उरलं नाही असं वाटेपर्यंत फुंकत राहायचं. मोठ्या माणसानं निदान सहा सेकंद तरी. यातून मुख्य दोन आकडे मिळतात: एकूण किती हवा बाहेर आली ती एफव्हीसी आणि त्यातली पहिल्या सेकंदात किती आली ती एफईव्ही-१.

लंडनचे डॉक्टर जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये आपल्या स्पायरोमीटरवर दोन हजारांहून जास्त माणसांची मोजमापं प्रसिद्ध केली आणि श्वासाची क्षमता उंचीप्रमाणे वाढते हे दाखवलं. पण त्यांचं लक्ष एकूण हवेवर होतं. पहिल्या सेकंदात किती हवा निघते याला महत्त्व आहे, हे फ्रान्सच्या रॉबर्ट तिफनो यांनी मांडायला १९४७ साल उजाडलं. आज रिपोर्टवर डॉक्टर सर्वांत आधी याच दोन आकड्यांचं गुणोत्तर पाहतात, म्हणजे एफईव्ही-१ भागिले एफव्हीसी.

लोहाराच्या भात्याचं उदाहरण घ्या. भाता धड आहे पण नळी चोंदली आहे, तर हवा येते सगळी, पण हळूहळू येते. हा अडथळ्याचा प्रकार. दमा आणि सीओपीडी (धूर-धुळीनं श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) यात मोडतात. नळी साफ आहे पण भाताच आखडला आहे, तर हवा झटकन बाहेर येते, पण मुळात थोडीच असते. हा आकुंचनाचा प्रकार. पहिला प्रकार स्पायरोमेट्री चोख पकडते. श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध दिल्यानंतरही गुणोत्तर ०.७० च्या खाली राहिलं, तर सीओपीडीचं निदान पक्कं धरतात. वयाबरोबर हे गुणोत्तर आपोआपही उतरतं. त्यामुळे पंचाहत्तरीतल्या निरोगी आजोबांना उगाच रोगी ठरवलं जाऊ शकतं आणि पस्तिशीतला खरा रुग्ण सुटू शकतो. म्हणूनच नव्या रिपोर्टवर झेड-स्कोअर, म्हणजे त्याच वयाच्या आणि उंचीच्या निरोगी माणसांच्या सरासरीपासून आपला आकडा किती दूर आहे ते, छापलेलं असतं. हा स्कोअर उणे १.६४ च्या खाली गेला की आकडा सर्वसाधारण मर्यादेबाहेरचा समजतात.

निदानासाठी पहिल्यांदाच जात असाल तर 'प्री' आणि 'पोस्ट' दोन्ही करून घ्या, यावर मी अडून राहीन. एकदा फुंकायचं, मग साल्ब्युटामॉलचे ४०० मायक्रोग्रॅम पंपातून घ्यायचे, पंधराएक मिनिटं थांबून पुन्हा फुंकायचं. जुन्या नियमानुसार एफईव्ही-१ किंवा एफव्हीसीचा आकडा १२ टक्के आणि शिवाय २०० मिलिलिटरनं वाढला तर श्वासनळ्या औषधाला प्रतिसाद देतात असं मानत. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात ही वाढ त्या माणसाच्या वय, उंची आणि लिंगावरून काढलेल्या अपेक्षित आकड्याच्या १० टक्क्यांहून जास्त हवी, असा नवा निकष आला. दोन लॅब वेगवेगळे नियम वापरत असतील, तर एकाच माणसाचा शेरा दोन ठिकाणी वेगळा येऊ शकतो. नुसती 'प्री' करून घरी पाठवणाऱ्या लॅबनं पैसे कमी घेतले असले तरी काम अर्धंच केलेलं असतं.

जिथे साधी तपासणी तोकडी पडते

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे भाता आखडला आहे का, या प्रश्नावर स्पायरोमेट्रीची अडचण होते. कितीही जोरानं फुंकलं तरी फुप्फुसात साधारण एक-सव्वा लिटर हवा शिल्लक राहतेच आणि जी हवा बाहेरच येत नाही ती हे मशीन मोजू शकत नाही. एफव्हीसी कमी आली की मशीन आपणहून 'रिस्ट्रिक्शन' असा शेरा छापतं. पण जुन्या सीओपीडीत हवा आत अडकून पडते, तेव्हाही एफव्हीसी कमीच येते. म्हणजे फुप्फुस प्रत्यक्षात फुगलेलं आणि कागदावर आखडलेलं! फक्त या छापील शेऱ्यावरून घाबरून जाऊ नये.

पूर्ण पीएफटीत दोन गोष्टींची भर पडते. पहिली म्हणजे फुप्फुसाचं एकूण आकारमान. त्यासाठी टेलिफोन बूथसारख्या बंद काचेच्या केबिनमध्ये बसवून दाबातल्या बदलावरून हिशेब काढतात, किंवा हीलियम अथवा नायट्रोजनच्या साहाय्यानं तो काढतात. दुसरी म्हणजे डीएलसीओ. अगदी थोडा, ०.३ टक्क्यांच्या आसपास कार्बन मोनॉक्साइड असलेली हवा घेऊन दहा सेकंद श्वास रोखायचा. किती वायू रक्तात उतरला यावरून हवेतला वायू रक्तात सोडणारा फुप्फुसातला पातळ पडदा कसा चालतो ते कळतं. प्रमाण इतकं कमी असतं की विषबाधेची भीती नाही.

पूर्ण पीएफटीचे जास्तीचे पैसे मुख्यतः डीएलसीओसाठी सार्थकी लागतात. फुप्फुसाच्या जाळीचे आजार, कबुतरांच्या विष्ठेमुळे आणि पिसांमुळे होणारा न्यूमोनायटिस, संधिवाताबरोबर येणारी फुप्फुसाची सूज, कर्करोगावरचं ब्लिओमायसिन किंवा हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडॅरोन अशा औषधांचा दुष्परिणाम या सगळ्यांत डीएलसीओ लवकर घसरू शकतो, कधीकधी स्पायरोमेट्री जवळपास ठीक असतानाही. मुंबईत कबुतरखान्यांवरून झालेल्या वादात छातीचे डॉक्टर ज्या आजाराबद्दल बोलत होते, तो यातलाच.

एक गोष्ट बरेचदा राहून जाते. हिमोग्लोबिन कमी असेल तर फुप्फुस ठणठणीत असूनही डीएलसीओ कमी येतो. आपल्याकडे बायकांमध्ये रक्त कमी असणं किती सर्रास आहे हे वेगळं सांगायला नको. तेव्हा पूर्ण पीएफटीला जाताना ताजा हिमोग्लोबिनचा रिपोर्ट बरोबर न्या आणि दुरुस्ती करून आकडा द्या, असं सांगा. विडी-सिगारेट ओढून गेलात तर रक्तात आधीच कार्बन मोनॉक्साइड असतो आणि आकडा बिघडतो.

मग कुणी काय करावं? छातीत शिट्टी वाजते, खोकला ऋतूप्रमाणे वाढतो, वर्षानुवर्षं विडी ओढली आहे, आयुष्य चुलीच्या धुरात गेलं आहे, तर प्री-पोस्ट स्पायरोमेट्रीनं सुरुवात करणं योग्य. चुलीचा मुद्दा मुद्दाम काढतो आहे. 'आई कधी विडी ओढत नाही, तिला कसला सीओपीडी' असं म्हणून तपासणीच टाळली जाते आणि तिचं निदान उशिरा होतं. कारखान्यातली नेहमीची तपासणी, शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांनी मागितलेला रिपोर्ट, यांनाही बहुधा साधी पुरते. उलट कोरडा खोकला आणि चालताना वाढत जाणारा दम, सीटी स्कॅनमध्ये फायब्रोसिस (फुप्फुसातले वण), स्पायरोमेट्रीत रिस्ट्रिक्शनचा शेरा, किंवा स्पायरोमेट्री नॉर्मल असूनही दम लागण्याचं कारण सापडत नाही, अशा वेळी पूर्ण पीएफटीला पर्याय नाही. टीबी बरा झाल्यावर राहिलेला दम मात्र अधला-मधला आहे. त्यात अडथळा आणि आकुंचन दोन्ही असू शकतात, म्हणून साधीपासून सुरू करून गरज पडली तर पुढे जावं.

घरचा पीक फ्लो मीटर

प्लॅस्टिकची छोटी नळी, त्यात सरकणारा काटा, किंमत काही शे रुपये. १९५९ मध्ये इंग्लंडात राइट यांनी पहिला पीक फ्लो मीटर मांडला. आजचे हलके मीटर त्याचेच वंशज. तो फक्त फुंकरीचा सर्वोच्च वेग मोजतो, तोही एका क्षणाचा. सीओपीडीचं निदान त्यावर करता येत नाही, फुप्फुसाचं आकारमान कळत नाही आणि अर्धवट फुंकलं तर आकडा खोटा येतो.

तरीही दम्यात हा स्वस्त मीटर एक काम महागड्या मशीनपेक्षा चांगलं करतो. दमा दिवसभर सारखा नसतो. पहाटे चारला उठून बसणारा माणूस सकाळी अकराला लॅबमध्ये फुंकतो आणि रिपोर्ट 'नॉर्मल' येतो. त्याच माणसानं दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ घरी फुंकून वहीत आकडे लिहिले, तर दमा कागदावर उतरतो. दर वेळी तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा लिहायचा. एका दिवसातल्या दोन आकड्यांमधला फरक त्यांच्या सरासरीच्या किती टक्के आहे ते काढायचं. दोन आठवड्यांची सरासरी मोठ्यांत १० टक्क्यांच्या आणि मुलांत १३ टक्क्यांच्या वर गेली, तर दम्याच्या बाजूनं पुरावा मिळतो.

कामाच्या ठिकाणी त्रास होतो का, हेही याच वहीत दिसतं. गिरणगावात कापसाच्या धुळीनं होणाऱ्या बिसिनोसिसची खूणच अशी की सुट्टीनंतर कामावर परतलेल्या पहिल्या दिवशी छाती जास्त आवळायची. पिठाची गिरणी, बेकरी, रंगाचा फवारा अशा कामांत कामाच्या आणि सुट्टीच्या दिवसांचे आकडे शेजारी ठेवले की डॉक्टरांना सांगायला ठोस काहीतरी हाती येतं. दमा आधीच ठरलेला असेल, तर दर वर्षी पूर्ण पीएफटी करण्यापेक्षा हा मीटर आणि वर्षातून एकदा साधी स्पायरोमेट्री हा सौदा मला जास्त शहाणपणाचा वाटतो. आपल्या स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांखाली गेलात तर डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे औषध वाढवायचं, ५० टक्क्यांखाली गेलात तर पंप घेऊन लगेच दवाखाना गाठायचा.

ऑसिलोमेट्री, आणि ज्या तपासण्या नाहीतच

चार वर्षांचं मूल सहा सेकंद जोरानं फुंकत नाही. त्याच्यासाठी ऑसिलोमेट्री: नेहमीसारखा श्वास घेत राहायचं, गाल हातांनी दाबून धरायचे, मशीन अर्धा-एक मिनिट सूक्ष्म दाबलहरी पाठवून श्वासनळ्यांचा विरोध मोजतं. खूप म्हाताऱ्या, किंवा फुंकताच खोकल्याची उबळ येणाऱ्या माणसांनाही सोयीची. पण ती लिटर सांगत नाही आणि सीओपीडीच्या निदानाचा निकष अजून स्पायरोमेट्रीच आहे. ज्याला फुंकता येतं त्यानं सोपी म्हणून ही निवडू नये.

तीन चेंडूंचा डबा तर तपासणीच नाही. त्यात श्वास आत ओढायचा असतो आणि ६००, ९००, १२०० हे आकडे सेकंदाला किती मिलिलिटर हवा ओढली ते सांगतात. शस्त्रक्रियेनंतर फुप्फुस उघडं राहावं म्हणून तो व्यायाम आहे. तिन्ही चेंडू वर गेले म्हणजे दमा नाही, असं होत नाही. श्वास रोखून धरण्याच्या चाचणीचंही तेच. त्यात सरावाचा आणि जिद्दीचा वाटा मोठा. ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन सांगतो, श्वासाची क्षमता नाही. ती बरीच घटलेली असतानाही बसल्या जागी ऑक्सिजन ९७ टक्के दिसू शकतो. सहा मिनिटं चालण्याची चाचणी मात्र खरी आणि उपयोगी आहे, पण ती हॉस्पिटलच्या सपाट, शक्यतो ३० मीटरच्या मार्गावर करतात आणि निदानापेक्षा 'हा माणूस किती झेपवू शकतो' हे सांगते.

लॅब कशी निवडावी

माझ्या मते मशीनपेक्षा ते चालवणारा टेक्निशियन महत्त्वाचा. "फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका!" असं ओरडणारा माणूस भेटला तर ती लॅब धरून ठेवा. नीट जमलेले किमान तीन प्रयत्न हवेत आणि त्यातल्या सर्वांत मोठ्या दोन आकड्यांत १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नको. त्यासाठी आठ वेळाही फुंकावं लागतं. दोन फुंकरांत, पाच मिनिटांत सुटका झाली तर रिपोर्टबद्दल शंका घ्या. फोनवर विचारा: तीन लिटरच्या सिरिंजनं रोज कॅलिब्रेशन (मशीन बरोबर मोजतं का याची पडताळणी) करता का? रिपोर्टवर आलेख देता का? उंची मोजता की विचारून लिहिता? अपेक्षित आकडा उंची, वय आणि लिंगावरून काढतात, त्यामुळे दोन इंच चुकले तरी टक्केवारी हलते. पाठीला बाक आला असेल तर पसरलेल्या हातांची लांबी मोजून उंची धरतात.

टक्केवारीत आणखी एक गुंता आहे. अपेक्षित आकडा काढायच्या २०१२ च्या जागतिक सूत्रांत भारतीयांचा वेगळा गट नव्हता. म्हणून कुठे भारतीय सूत्रं वापरतात, कुठे युरोपीय आकड्यातून ठरावीक कपात करतात, आणि २०२२ मध्ये वंश न विचारणारं सूत्रही आलं. एकच फुंकर एका लॅबमध्ये ठीक आणि दुसरीत कमी ठरू शकते. म्हणून पुन्हा तपासताना शक्यतो तीच लॅब ठेवा आणि टक्के सोडून लिटर बघा. तिशी-पस्तिशीनंतर एफईव्ही-१ वर्षाला साधारण २५ ते ३० मिलिलिटर घटणं स्वाभाविक आहे. विडी-सिगारेटची झळ बसणाऱ्यांत ही घट दुप्पट होऊ शकते.

जाण्याआधी डॉक्टरांना एवढं नक्की विचारा: पंप बंद ठेवायचा का? निदानासाठीची तपासणी असेल तर साल्ब्युटामॉलचा साधा निळा पंप चार ते सहा तास आणि लांब टिकणारी औषधं एक ते दोन दिवस थांबवायला सांगतात. उपचार किती लागू पडतोय हे पाहायचं असेल तर सहसा चालू ठेवतात. स्वतःहून काही थांबवू नका. नुकताच हृदयविकाराचा झटका आला असेल, डोळ्याचं, पोटाचं किंवा छातीचं ऑपरेशन झालं असेल, खोकल्यातून रक्त येत असेल, तर ते काउंटरवरच सांगा, तपासणी पुढे ढकलतील. कवळी घट्ट बसत असेल तर काढू नका, ओठ माउथपीसवर नीट मिटतात. आणि दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला, संध्याकाळचा ताप, उतरलेलं वजन असेल, तर कुठलंही मशीन फुंकण्याआधी थुंकीची टीबीसाठी तपासणी करून घ्या.