मोटरच्या बेअरिंगवर सेन्सर: स्टड, पॅड की मॅग्नेट?

साखर कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडली, म्हणजे हंगाम सुरू झाला, की मोटरला हात लावू द्यायला कुणी तयार नसतं. म्हणून ऊस कुटणारा फायब्रायझर आणि बॉयलरचा धूर ओढणारा आयडी फॅन यांच्या मोटरवर व्हायब्रेशन सेन्सर कसा बसवायचा, हे ऑफ-सीझनमध्येच ठरवून टाका.

सोयीचा मॅग्नेट. भोक नाही, दोन मिनिटांत काम. १,४८० आरपीएमच्या मोटरचा अनबॅलन्स, म्हणजे फिरत्या भागाचा बिघडलेला तोल, २४.७ हर्ट्झला दिसतो, तेवढ्याला तो पुरतो. पण बेअरिंगची पहिली कुरबुर हजारो हर्ट्झमध्ये असते, आणि बेअरिंगच्या गोल घरावर (हाउसिंगवर) दोन पायांचा मॅग्नेट साधारण २,०००च्या पुढे भरवशाचा नाही. एकदा रीडिंग अचानक दुप्पट आलं म्हणून आम्ही धावलो. मॅग्नेट उचलून पाहिला तर खाली रंगाचा पोपडा. बेअरिंग ठणठणीत होतं.

स्टडवर, म्हणजे हाउसिंगमध्ये आवळलेल्या आट्यांच्या खिळ्यावर, बसवलेला साधा १०० मिलिव्होल्टवाला (दर g कंपनाला) सेन्सर १०,००० हर्ट्झपर्यंत नीट ऐकतो. त्यासाठी हाउसिंगवर जागा सपाट करून पाव इंची, इंचाला २८ आट्यांचा टॅप मारायचा, ग्रीसचा पातळ हात फिरवायचा आणि टॉर्क पानाने आवळायचं. धातूची जाडी आधी मोजा. बेअरिंग काढलेलं असतानाच ड्रिल चालवा. चुरा ग्रीसमध्ये गेला तर सेन्सरला पहिला बिघाड तुमचाच सापडेल.

इपॉक्सीने चिकटवलेला पॅड या दोघांच्या मधला. रंग घासून धातू उघडा केला आणि थर पातळ ठेवला, तर तो स्टडच्या बराच जवळ जातो. डिस्टिलरीतल्या फ्लेमप्रूफ (आतली ठिणगी बाहेर न जाऊ देणाऱ्या) मोटरला मी पॅडच लावेन, कारण तिथे भोक पाडलं की प्रमाणपत्रावर पाणी. वेल्डिंगचा विचार तर कुठल्याच मोटरवर नको, करंट बेअरिंगमधून जातो.

मागच्या बाजूला फॅनच्या पत्र्यावर सेन्सर लावलेले मी पाहिलेत. तो पत्र्याचा खडखडाट मोजतो, बेअरिंगचा नाही. आणि मोटर स्लीव्ह बेअरिंगची (गोळ्यांऐवजी तेलाच्या थरावर शाफ्ट फिरणारी) असेल तर हा वादच सोडा, तिथे शाफ्टकडे पाहणारा प्रॉक्सिमिटी प्रोब लागतो.

फायब्रायझरला माझं मत स्टडला. फक्त स्पेअर मोटरलाही त्याच दिवशी आटे पाडून घ्या. हंगामात चालू मोटर रिवाइंडिंगला गेली की जागेवर येते ती स्पेअर, आणि सेन्सर केबलला लोंबकळत राहतो.