‘स्लेट’ स्टेटस पोर्टल: चेकलिस्ट चोख, नावात घोळ

अमेरिकेतल्या बऱ्याच पब्लिक पॉलिसी स्कूलांचं स्टेटस पोर्टल, म्हणजे अर्ज कुठवर आला ते दाखवणारं पान, ‘स्लेट’ या प्रवेशप्रक्रियेच्या सॉफ्टवेअरवर चालतं. चेकलिस्ट चोख: ट्रान्स्क्रिप्ट (गुणपत्रक), शिफारसपत्रं, जीआरई या प्रवेशपरीक्षेचे गुण, जे पोचलं त्यापुढे खूण. निकाल बहुतेक मार्चमध्ये. ‘पोर्टल बघा’ एवढाच ईमेल येतो, तेव्हा दिवसातून दहादा रिफ्रेश करणं फुकटचं. खरा घोळ नावात. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं. अर्जात ते टाकलं आणि टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेला गाळलं, की स्कोअर आपोआप जुळेलच असं नाही. पोर्टल ‘प्रतीक्षेत’च दाखवत राहतं. जानेवारीतच पासपोर्टच्या पानाची प्रत आणि टोफेलचा नोंदणी क्रमांक ॲडमिशन ऑफिसला पाठवावा. शिष्यवृत्तीचं पत्र कधीकधी वेगळं असतं, तेही उघडा. होकाराची मुदत अनेक ठिकाणी १५ एप्रिल. जागा राखायला भरलेलं डिपॉझिट सहसा परत मिळत नाही.