आधी 'साम सून' की आधी 'कॉफी प्रिन्स'?

अलीकडच्या कोरियन मालिका भरपूर बघून झाल्या, आता जुन्यांपैकी एखादी हलकीफुलकी प्रेमकथा बघायची आहे, सुरुवात कुठून करू? असं कुणी विचारलं की मी दोनच नावं सांगते. एक 2005 सालची 'माय लव्हली साम सून' आणि दुसरी 2007 सालची 'कॉफी प्रिन्स'. पहिलीचे 16 भाग, दुसरीचे 17, प्रत्येक भाग साधारण तासाभराचा. म्हणजे कुठलीही घेतलीत तरी दोन-तीन आठवड्यांच्या संध्याकाळी जाणार. म्हणून आधी कुठली, याचा विचार करायला हवा.

वरवर बघता दोन्ही बहिणी-बहिणी वाटतात. दोन्ही एमबीसी वाहिनीच्या, दोन्ही कादंबऱ्यांवर बेतलेल्या. दोन्हींत श्रीमंत घरातला मुलगा खाण्यापिण्याचा धंदा चालवतो आणि घरच्यांनी लग्नासाठी लावलेला लकडा चुकवायला पैसे देऊन खोटं प्रेमप्रकरण उभं करतो. दोन्ही नायिका हातांनी काम करणाऱ्या आणि घरासाठी पैशांची गरज असलेल्या. साम्य एवढंच. पुढे दोघींच्या वाटा पार वेगळ्या होतात.

'साम सून' पहिल्या भागापासून पकड घेते. किम साम-सून पॅरिसला शिकून आलेली केक-पेस्ट्रीची कारागीर. नाताळच्या आदल्या संध्याकाळी प्रियकर तिला सोडतो. ती हॉटेलच्या स्वच्छतागृहात हमसून रडते आणि नंतर कळतं की ते पुरुषांचं आहे. तिथेच तिची नायकाशी, जिन-हॉनशी, गाठ पडते. पुढे तो तिला आपल्या रेस्टॉरंटमध्ये नोकरी देतो. घर जप्तीतून वाचवायला तिला 5 कोटी वॉन हवे असतात, त्याला आईपासून सुटका हवी असते. करार होतो.

किम सन-आ या अभिनेत्रीने भूमिकेसाठी वजन वाढवलं होतं, आणि ते पडद्यावर नुसतं दिसत नाही, वावरतं. ही बाई भूक लागली की जेवते, दारू प्यायली की भांडते, अपमान झाला की तिथल्या तिथे तोंडावर उत्तर देते. शेवटच्या भागाला कोरियात 50 टक्क्यांच्या वर प्रेक्षक मिळाले, त्यामागे मला ही बाईच दिसते. ती तिशीची, जिन-हॉन तिच्याहून तीन वर्षांनी लहान. (तेव्हाच्या कोरियन हिशेबात मूल जन्मतःच एक वर्षाचं धरत. आपल्या हिशेबाने ती तिशीलाही पोचलेली नाही.) तरी सगळे तिला लग्नाचं वय उलटलेली म्हणून वागवतात. हे समजायला आपल्याला तळटीप लागत नाही.

तिच्या नावाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. 'साम' म्हणजे तीन. गिरणीवाल्याची तिसरी मुलगी म्हणून हे जुनं, गावठी वाटणारं नाव तिला चिकटलं, आणि ते बदलून घ्यायचा तिचा ध्यास सगळ्या मालिकाभर चालतो. कोरियन प्रेक्षक त्या नावाला हसतो, पण मला पहिल्यांदा बघताना हसू आलं नाही. मुलीवर मुलगी झाली म्हणून 'नकुसा' नाव ठेवलेल्या बायका आपल्याकडे आहेत. 2011 मध्ये साताऱ्यात अशा मुलींना नवी नावं देण्याचा समारंभ झाला होता. साम-सूनचं नाव इतकं कडवट नाही. तिच्या वडिलांचा तर तिच्यावर फार जीव होता. पण कितवी मुलगी हे नावातच गोंदलेलं असणं म्हणजे काय, हे मराठी प्रेक्षकाला जास्त आतून कळतं.

अडचण जिन-हॉनची आहे. ती भूमिका करणारा ह्यून बिन दिसायला देखणा, काम चोख, पण जिन-हॉन हा माणूस उद्धट आहे. वजनावरून बोलतो, मनगट धरून ओढतो, करार संपला तरी हक्क सोडत नाही. तेव्हाच्या मालिकांत हे प्रेमाचं लक्षण समजत, आज ते खुपतं आणि खुपायलाच हवं. जुनी प्रेयसी ही-जिन परत आल्यावर कथा तीन-चार भाग एकाच जागी घुटमळते. पण लेखिकेने ही-जिनला खलनायिका केलेलं नाही, आणि शेवट तर फारच प्रामाणिक आहे. सगळं गोड करून टाकायचा मोह टाळलाय, एवढंच सांगते.

'कॉफी प्रिन्स'ची सुरुवात याच्या उलट, संथ. पहिले चार भाग थोडे पसरट आणि आरडाओरड्याचे वाटतील. गो उन-चान ही आई आणि बहिणीला पोसणारी मुलगी. जेवणाचे डबे पोचवते, तायक्वांडो शिकवते, चेस्टनट सोलून देते. आखूड केस आणि ढगळ कपड्यांमुळे नायक हान-ग्योल तिला मुलगा समजतो, आणि नोकरी टिकवायला तीही तसंच राहू देते. आजीने त्याला एक मोडकळीला आलेलं कॉफीचं दुकान दिलेलं असतं आणि तीन महिन्यांत विक्री तिप्पट करायची अट घातलेली असते. तिथे सगळे कामगार पुरुषच हवेत, असं तो ठरवतो.

इथे भाषेची एक गंमत आहे. मराठीत उन-चान पहिल्याच वाक्यात पकडली गेली असती. 'मी आले' म्हणायचं की 'मी आलो', हे तिला दर क्षणी सांभाळावं लागलं असतं. कोरियन क्रियापदाला लिंग नसतं, त्यामुळे ती मोकळेपणाने बोलू शकते. लिंग दिसतं ते हाक मारण्यात. मोठ्या भावाला मुलगा 'ह्योंग' म्हणतो, मुलगी 'ओप्पा'. उन-चान हान-ग्योलला 'ह्योंग' म्हणते तेव्हा तो एकच शब्द तिचा सगळा वेश असतो. इंग्रजी सबटायटलमध्ये तो बऱ्याचदा नुसत्या नावात विरघळून जातो, म्हणून कान उघडे ठेवून ऐका.

सहाव्या-सातव्या भागापासून मालिका ज्या उंचीवर जाते, तिथे 'साम सून' पोचत नाही. आपण एका मुलाच्या प्रेमात पडलोय या जाणिवेने हान-ग्योल हादरतो, स्वतःशी झगडतो, डॉक्टरकडे जातो, उन-चानला दूर लोटायला बघतो. आणि दहाव्या भागात हार मानून म्हणतो की तू पुरुष असशील किंवा परग्रहावरचा असशील, मला आता फरक पडत नाही. हान-ग्योलचं काम करणाऱ्या गाँग यूने तो प्रसंग ज्या थकव्याने केलाय, तो थकवा मी अजून विसरलेले नाही. ती मुलगी आहे हे प्रेक्षकाला पहिल्यापासून ठाऊक असतं, त्यामुळे कथा सुरक्षित अंतर राखून चालते, हे मान्य. तरीही 2007 साली मुख्य वाहिनीवरच्या नायकाच्या तोंडी हे वाक्य येणं लहान गोष्ट नव्हती. खरं कळल्यावरचा त्याचा रागही रास्त वाटतो, कारण फसवणूक खरीच झालेली असते.

दुसरं जोडपंही इथे जास्त जिवंत आहे. हान-सोंग आणि यू-जू यांचं तुटून पुन्हा जुळणं म्हणजे मोठ्या माणसांची वेगळीच गोष्ट. हान-सोंगचं काम केलेले ली सन-क्यून 2023 च्या डिसेंबरात गेले. त्यांचा तो खर्जातला आवाज आता ऐकताना जीव गलबलतो.

एक व्यवहाराची गोष्ट. 2024 मध्ये 'साम सून'ची, मूळ दिग्दर्शकानेच पुन्हा संकलित केलेली, आठ भागांची नवी आवृत्ती आली आहे. बघायला बसण्यापूर्वी भाग किती आहेत ते तपासा. पहिल्यांदा बघणाऱ्याने 16 भागांचीच बघावी, असं माझं मत. स्वयंपाकघरातला निवांतपणा, आई आणि घटस्फोटित बहिणीबरोबरचे घरातले तंटे, यांना वेळ द्यायला हवा.

आता निवड. पहिल्या भागावरूनच पुढे बघायचं की नाही ठरवत असाल, किंवा तिशीच्या आसपास 'मग, लग्नाचं काय?' हा प्रश्न ऐकून कंटाळला असाल, तर 'साम सून' लावा. उद्धट नायक अजिबात सहन होत नसेल, तर 'कॉफी प्रिन्स' लावा, पण सहाव्या भागापर्यंत थांबायची तयारी ठेवा. दोन्ही बघणारच असाल तर आधी 'साम सून'. हान-ग्योलनंतर जिन-हॉनला सोसणं फार अवघड जातं, मी उलट्या क्रमाने बघितलं म्हणून हे मला माहीत आहे.