खारपाणपट्ट्यात आठ कॉलमचं एसएमबी: वापरानंतरचा अनुभव

आमचं युनिट दर्यापूर-मूर्तिजापूर पट्ट्यात आहे. साखरेचा पाक एन्झाइमने फोडायचा, त्यातलं फ्रुक्टोज आणि ग्लुकोज वेगळं काढायचं, आटवून सिरप विकायचं. बॅच कॉलमला कंटाळून आठ कॉलमचं एसएमबी, म्हणजे सिम्युलेटेड मूव्हिंग बेड, घेतलं. गेल्या पावसाळ्यात चालू केलं, आता दुसरा पावसाळा तोंडावर आलाय. मत आधीच सांगतो: यंत्र चांगलं आहे, पैसे वाया गेले नाहीत. पण पुरवठादार 'ऑप्टिमम सेटिंग' म्हणून जो कागद हातात देतो, तो त्याच्या लॅबमधल्या पाण्यावर आणि तिथल्या विजेवर काढलेला असतो. इथे तो आठवडाभरही टिकत नाही.

नवख्यांसाठी दोन ओळी. रेझिन, म्हणजे कॉलममध्ये भरलेले बारीक मणी, जागचं हलत नाही. ओलिताच्या वेळी दांडाचं पाणी एका सरीतून पुढच्या सरीत वळवावं, तसे व्हॉल्व उघडझाप करून फीड (आत येणारा फोडलेला पाक), पाणी, एक्स्ट्रॅक्ट आणि रॅफिनेट (बाहेर पडणारे दोन प्रवाह) या चौघांच्या जागा ठराविक वेळाने एकेक कॉलम पुढे सरकतात. ब्रॉटन आणि गेरहोल्ड यांचं पेटंट 1961 चं. पेट्रोकेमिकलमध्ये पॅरा-झायलीन आणि साखर उद्योगात फ्रुक्टोज याच पद्धतीने काढतात. आमच्याकडे रेझिन कॅल्शियम रूपातलं आहे. फ्रुक्टोज कॅल्शियमला धरून रेंगाळतं आणि एक्स्ट्रॅक्टमध्ये येतं, ग्लुकोज पुढे निघून रॅफिनेटमध्ये जातं. सगळा खेळ त्या कॅल्शियमवर.

आणि नेमका तिथेच खारपाणपट्टा आडवा आला. पूर्णेच्या खोऱ्यातल्या बोअरच्या पाण्यात सोडियम भरपूर. पुरवठादाराच्या माणसाने बॉयलरसाठी बसवलेल्या सॉफ्टनरचीच लाइन एसएमबीला जोडून दिली. सॉफ्टनर काय करतो, तर पाण्यातलं कॅल्शियम काढून सोडियम सोडतो. बॉयलरला ते चालतं. कॅल्शियमच्या रेझिनला ते विष. रोज थोडं थोडं कॅल्शियम धुऊन जातं, फ्रुक्टोजची पकड ढिली होते आणि ते रॅफिनेटमध्ये उतरायला लागतं. एक्स्ट्रॅक्टची शुद्धता मात्र बरेच दिवस ठीक दिसते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. आमचे ऑपरेटर दादा गावचेच. लाइन जोडतानाच म्हणाले होते, "भाऊ, ह्या पान्यानं साबनाले फेस येत नाही, अन् तुमी थे मशिनीत सोडता?" फेसाचं कारण थोडं वेगळं, पण निष्कर्ष बरोबर. आता आरओ आणि त्यापुढे डीएम (सगळे क्षार काढलेलं) असं पाणी वापरतो, आणि कॉलम आळीपाळीने बाजूला काढून कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणाने धुतो. पाक आम्ल टाकून फोडत असाल तर तेही बघा: नंतर कॉस्टिक सोड्याने उदासीन केलात की ते सोडियमही कॉलममध्येच जाणार. एन्झाइम महाग वाटतो, पण इथे परवडतो.

आता सेटिंगकडे. ट्रँगल थिअरी, 1997 च्या सुमारास माझोटी, स्टोर्टी आणि मोर्बिडेली यांनी नीट मांडलेली, हीच खरी कामाची. चार विभाग: पाण्यापासून एक्स्ट्रॅक्टपर्यंत 1, तिथून फीडपर्यंत 2, फीडपासून रॅफिनेटपर्यंत 3, तिथून परत पाण्यापर्यंत 4. त्यांचे चार आकडे, एम-1 ते एम-4. प्रत्येक आकडा म्हणजे एका स्विचमध्ये (जागा एकदा सरकल्यापासून पुन्हा सरकेपर्यंत) त्या विभागातून गेलेलं द्रव, त्यातून कॉलममधली मोकळी जागा वजा, आणि उरलेल्याला रेझिनच्या जागेने भागायचं. एम-2 ग्लुकोजच्या पकडीपेक्षा जास्त हवा, एम-3 फ्रुक्टोजच्या पकडीपेक्षा कमी. दोघांतलं अंतर जितकं जास्त, तितकं फीड जास्त घेता येतं, एम-2 आणि एम-3 आलेखावर मांडले की दोन्ही माल शुद्ध मिळण्याची जागा त्रिकोणी दिसते, म्हणून कागदावरचा सर्वोत्तम बिंदू त्या त्रिकोणाच्या अगदी टोकावर असतो. टोकावर उभं राहायला लॅबचे पंप लागतात. हिशोब करून बघा: मोकळी जागा 40 टक्के आणि एम 0.5 असेल, तर प्रवाहात 1 टक्का फरक पडला की एम सुमारे 2.3 टक्क्यांनी सरकतो. एम 0.25 असेल तर 3.7 टक्क्यांनी. म्हणजे खालचे आकडे जास्त नाजूक, आणि पंपाच्या डायफ्रॅमची झीज तिथे आधी दिसते. आम्ही टोकापासून आत सरकलो, फीड कमी केलं. पुरवठादाराच्या माणसाला ते पटलं नाही, "कपॅसिटी वाया घालवता" म्हणाला. शुद्धता बिघडलेला माल परत फीडमध्ये मिसळायचा म्हणजे तीच कपॅसिटी दुसऱ्या दाराने जाते, हे त्याला कोण सांगणार.

बिघाड कुठे आहे हे ओळखायला एचपीएलसी, म्हणजे एकेक साखर वेगळी मोजणारं लॅबचं यंत्र, लागत नाही, निदान रोज नाही. रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्स (द्रावणातल्या साखरेची टक्केवारी), पोलारीमीटरने प्रकाशाचं वळण, दोन समीकरणं आणि दोन अज्ञात. 20 अंशांना फ्रुक्टोजचं विशिष्ट वळण सुमारे उणे 92, ग्लुकोजचं अधिक 52.7, म्हणजे 90 टक्के फ्रुक्टोजचा एक्स्ट्रॅक्ट उणे 77-78 च्या आसपास दिसायला हवा. फ्रुक्टोजचं वळण तापमानाने फार बदलतं, म्हणून मे महिन्यात पोलारीमीटरच्या नळीला थंड पाण्याचं जॅकेट लावल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवू नका. आणि पाकात न फुटलेली साखर राहिली असेल तर ती रॅफिनेटमध्ये येते आणि हिशोब चुकवते; पाक फोडण्याचं काम आधी पूर्ण करा. एक्स्ट्रॅक्ट बिघडला तर विभाग 2 किंवा 4 बघायचा, रॅफिनेट बिघडला तर 3 किंवा 1. रेझिनचं कॅल्शियम गेलेलं असेल तर लक्षण 3 चंच दिसतं, हे वर सांगितलंच.

शुद्धतेइतकाच पैसा पाण्यात आहे. एक्स्ट्रॅक्ट 20 ब्रिक्सचा असेल तर 100 किलो साखरेमागे 70 ब्रिक्सपर्यंत जायला 357 किलो पाणी उडवावं लागतं. 25 ब्रिक्सचा असेल तर 257 किलो. आमचा बॉयलर पऱ्हाटीच्या आणि सोयाबीनच्या कुटाराच्या ब्रिकेटवर चालतो, पण ब्रिकेटही फुकट मिळत नाही. म्हणून विभाग 4 आणि 1 यांच्यामध्ये आत येणारं ताजं पाणी, शुद्धता सांभाळून, थोडं थोडं कमी करत गेलो. इतकं मोठं बचतीचं काम दुसरं कुठलंच झालं नाही. पुरवठादाराच्या कागदात याचा उल्लेखही नाही.

वीज. लाइट गेली की पंप थांबतात, आणि जड सिरप खालच्या हलक्या द्रवात बोटांसारखं उतरायला लागतं. तासाभराने चालू केलं तर सगळी मांडणी परत बसायला कितीतरी फेऱ्या जातात. पीएलसी, म्हणजे व्हॉल्व आणि पंप चालवणारा कंट्रोलर, यूपीएसवर ठेवा, म्हणजे स्विच नेमका कुठे थांबला ते तो विसरत नाही. पंप आणि गरम पाण्याचं सर्क्युलेशन जनरेटरवर. कॉलम 60 अंशांच्या खाली फार वेळ राहू देऊ नका, यीस्ट लागतं. पाणी आधी तापवून हवा सोडवूनच आत घ्या, नाहीतर बुडबुडे रेझिनमध्ये वाटा पाडतात.

बाकी किरकोळ. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या हवेत ओल येते आणि न्यूमॅटिक व्हॉल्व चिकटतात. ड्रायर घ्या, तो कोटेशनमध्ये नसतो. सर्व्हिस फोनवर बरी आहे, माणूस यायला मात्र वेळ लागतो.

मोठी तक्रार एकच: पीएलसीचा प्रोग्राम कुलूपबंद. चारही जागा एकाच वेळी सरकवायच्या ऐवजी वेगवेगळ्या वेळी सरकवायची व्हेरिकोल पद्धत मला करून बघायची आहे. कमी कॉलममध्ये जास्त शुद्धता मिळते असा तिचा दावा आहे, आणि आमच्या यंत्राला त्यासाठी नवा लोखंडी भाग एकही लागणार नाही, फक्त वेळापत्रक बदलावं लागेल. पासवर्ड द्यायला पुरवठादार वेगळे पैसे मागतोय. ऑर्डर देतानाच पासवर्ड लिहून घ्या.